खुल्या सभेचे दार : वेब-सुरक्षा समुदायांच्या स्थानिक बैठकांची एक चिकित्सा
(काटोल तालुक्याच्या विशेष संदर्भात)

सारांश

वेब ॲप्लिकेशन व सॉफ्टवेअर यांच्या सुरक्षेविषयी स्वयंसेवकांनी चालविलेल्या स्थानिक सभा हा गेल्या दोन दशकांतील ज्ञानप्रसाराचा एक महत्त्वाचा प्रकार होय. या सभा नियमाने सर्वांस खुल्या आहेत. प्रस्तुत लेखात त्यांच्या खुलेपणाची चिकित्सा तालुक्याच्या गावाच्या दृष्टीने केली आहे. प्रवेशशुल्क नसणे एवढ्याने सभा खुली होत नाही. स्थळ, भाषा आणि उपस्थितांची घडण यांवर तिचा खुलेपणा ठरतो. तालुक्याच्या ठिकाणी अशा सभेचे स्वाभाविक घर महाविद्यालय हेच आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : वेब-सुरक्षा, ओवॅस्प, नल, जबाबदार प्रकटीकरण, मराठी परिभाषा, महाविद्यालय

प्रस्तावना

नागपूर जिल्ह्यातील काटोल हे संत्र्यासाठी प्रसिद्ध असलेले तालुक्याचे ठिकाण. येथील शेतकऱ्याचा सातबारा आज संगणकावर आहे. विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती महाडीबीटीच्या संकेतस्थळावरून येते, परीक्षेचा अर्ज व निकालही संकेतस्थळावरच असतो. सहकारी पतसंस्थांचे हिशेब वहीतून सॉफ्टवेअरमध्ये गेले आहेत. पूर्वी दप्तराच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, हे गावाला ठाऊक असे. आज ते कपाट कोणत्या शहरात आहे आणि त्याला कुलूप आहे किंवा नाही, हे संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनाही अनेकदा सांगता येत नाही.

या कुलपांची चर्चा करणाऱ्या सभा महाराष्ट्रात नियमित भरतात, परंतु त्या मुख्यतः मुंबई-पुण्यासारख्या महानगरांत. ज्यांची माहिती पणाला लागली आहे तो समाज एका ठिकाणी आणि तिच्या रक्षणाची चर्चा दुसऱ्या ठिकाणी, ही विसंगती प्रस्तुत चिकित्सेचा विषय आहे.

स्थानिक सभांची परंपरा

संगणक-सुरक्षेच्या अनौपचारिक सभांची परंपरा जुनी आहे. अमेरिकेत १९८४ पासून निघणाऱ्या ‘२६००’ या नियतकालिकाच्या वाचकांच्या मासिक बैठका १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाल्या. १९९३ मध्ये ‘डेफकॉन’ हे संमेलन सुरू झाले. वेब ॲप्लिकेशनच्या सुरक्षेला वाहिलेली ‘ओवॅस्प’ ही चळवळ २००१ मध्ये उभी राहिली. सर्वाधिक गंभीर अशा दहा धोक्यांची तिची यादी २००३ पासून वेळोवेळी सुधारून प्रसिद्ध होत आली आहे. २०२३ मध्ये संस्थेने आपल्या नावातील ‘वेब’ हा शब्द बदलून ‘वर्ल्डवाइड’ असा केला. तिच्या शाखा गावोगावच्या स्वयंसेवकांनी चालवाव्यात, सभा विनाशुल्क व सर्वांस खुल्या असाव्यात आणि तेथे कोणत्याही कंपनीच्या मालाची जाहिरात होऊ नये, असे तिचे सर्वसाधारण धोरण आहे. मुंबई व पुणे येथे तिच्या शाखांनी काम केले आहे.

भारतात याच प्रेरणेने ‘नल’ हा खुला सुरक्षा-समुदाय उभा राहिला. त्याच्या आरंभीच्या शाखांत पुण्याची गणना होते. या समुदायाचे ‘नलकॉन’ हे संमेलन गोव्यात प्रथम २०१० मध्ये भरले. मासिक बैठकीत ताज्या घडामोडींचा आढावा, एखाद्या सदस्याचे व्याख्यान व त्यावर प्रश्नोत्तरे असा साधा क्रम असतो. प्रत्यक्ष सरावाच्या सत्रांना ‘हमला’ आणि ‘बचाव’ अशी नावे आहेत. इंग्रजीने व्यापलेल्या या क्षेत्रात देशी शब्दांना दिलेले हे स्थान लक्षणीय आहे.

महाराष्ट्राला ही पद्धत परकी नाही. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये पुण्यात सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला, १९६६ मध्ये मुंबईत स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद व तिचे ठिकठिकाणचे विभाग, गावोगावची वाचनालये या सर्वांनी तज्ज्ञांचे ज्ञान लोकांच्या भाषेत लोकांपुढे मांडले. सुरक्षा-समुदायाची सभा वृत्तीने याच कुळातील आहे. म्हणूनच तिची तपासणी याच परंपरेच्या कसोटीवर करणे न्याय्य ठरते.

सभेचे गुण : मर्यादेचे शिक्षण

या सभांचे श्रेय प्रथम नोंदविले पाहिजे. पदवीचा अभ्यासक्रम बदलण्यास काही वर्षे लागतात. नवा दोष मात्र आज उघडकीस येतो आणि त्याची चर्चा पुढील बैठकीत होते. पदवी नसलेला परंतु जाणकार तरुण येथे अनुभवी अभियंत्यासमोर बोलू शकतो.

याहून महत्त्वाचा गुण म्हणजे मर्यादेचे शिक्षण. दोष शोधण्याचे तंत्र पुस्तकातून व चित्रफितीतून शिकता येते. सापडलेला दोष कोणाला, कसा व केव्हा सांगावा, परवानगी नसलेल्या यंत्रणेला हात का लावू नये, हे मात्र वडीलधाऱ्या सहकाऱ्याच्या संगतीत कळते. या शिस्तीस ‘जबाबदार प्रकटीकरण’ असे म्हणतात.

ती नसल्यास काय घडू शकते, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एखादा विद्यार्थी संकेतस्थळावर आपला निकाल पाहतो. पत्त्याच्या ओळीत आपला आसनक्रमांक दिसतो. कुतूहलाने तो शेवटचा अंक बदलतो आणि शेजाऱ्याची गुणपत्रिका समोर येते. ओवॅस्पच्या २०२१ च्या यादीत पहिल्या स्थानी असलेला प्रवेश-नियंत्रणाचा दोष तो हाच. येथवर कुतूहल आहे. पुढे तो दोनशे गुणपत्रिका उतरवून घेतो आणि मित्रांना दाखवितो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीवाचून संगणकयंत्रणेत शिरणे वा तेथील माहिती उतरविणे हे नुकसानभरपाईस पात्र कृत्य आहे. तेच कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सद्हेतूने दोष दाखविणाऱ्यास या अधिनियमात स्वतंत्र संरक्षण नाही. जानेवारी २०१८ मध्ये आधारच्या माहितीपर्यंत अनधिकृतपणे पोहोचता येते, हे ‘ट्रिब्यून’ या दैनिकाने उघड केल्यानंतर प्राधिकरणाच्या तक्रारीवरून नोंदविलेल्या प्रथम खबरीत बातमी देणाऱ्या वार्ताहराचेही नाव होते, ही गोष्ट येथे आठवावी.

पुण्यातील विद्यार्थ्याला अशा वेळी विचारण्यास कोणी तरी असते. दोषाची माहिती सर्ट-इन या राष्ट्रीय यंत्रणेकडे देता येते, हे त्याला सभेत कळते. तालुक्यातील विद्यार्थी तेच तंत्र भ्रमणध्वनीवरील चित्रफितींतून एकट्याने शिकतो. म्हणजे हमला त्याच्यापर्यंत पोहोचतो, मर्यादा पोहोचत नाही. सभेच्या अभावाची खरी किंमत ही आहे.

चिकित्सा : स्थळ, भाषा आणि उपस्थिती

पहिला प्रश्न स्थळाचा. अशा सभा बहुधा एखाद्या कंपनीच्या सभागृहात सुटीच्या दिवशी सकाळी भरतात. स्वयंसेवी संस्थेजवळ स्वतःची जागा नसल्याने हे समजण्याजोगे आहे. तथापि ज्या इमारतीच्या फाटकावर ओळखपत्र दाखवावे लागते, तेथे ‘सर्वांस प्रवेश’ या पाटीचा अर्थ आपोआप संकुचित होतो. काटोलच्या विद्यार्थ्याला जवळचे महानगर म्हणजे सुमारे साठ किलोमीटरवरील नागपूर. सकाळच्या दोन तासांच्या सभेसाठी त्याचा पूर्ण दिवस आणि प्रवासखर्च जातो. सभा फुकट असली तरी तेथे पोहोचणे फुकट नसते.

दुसरा प्रश्न भाषेचा. सभेची भाषा बहुधा इंग्रजी, फार तर हिंदीमिश्रित इंग्रजी असते. नावापुरते ‘हमला’ व ‘बचाव’ हे शब्द आले, परंतु त्यांच्या आतील विवेचन परभाषेतच राहिले. विषय मराठीत मांडता येत नाही, ही सबब टिकणारी नाही. ‘एसक्यूएल इंजेक्शन’ या दोषाचेच उदाहरण घ्यावे. अर्जातील नावाच्या रकान्यात कोणी नावाऐवजी ‘सर्व नोंदी दाखवा’ असा हुकूम लिहिला आणि लिपिकाने तो साहेबांचाच समजून मुकाट्याने पाळला, तर जे होईल तेच येथे होते. उपायही तसाच सांगता येतो. रकान्यातील मजकूर हा केवळ मजकूर मानावा, हुकूम नव्हे. मूळ इंग्रजी संज्ञा देवनागरीत ठेवूनही आशय मराठीत पोहोचविता येतो. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने ‘एमएस-सीआयटी’ अभ्यासक्रमाद्वारे संगणक-साक्षरता मराठीतून तालुक्यापर्यंत नेली. संगणक वापरण्याचे शिक्षण ज्या वाटेने गेले, त्याच वाटेने तो सुरक्षित ठेवण्याचे शिक्षण गेले नाही, हे या क्षेत्रातील मोठे न्यून होय.

तिसरा आणि सर्वांत गंभीर प्रश्न उपस्थितीचा. सभेस येणारे प्रामुख्याने दोष शोधणारे असतात. संकेतस्थळ तयार करून देणारा स्थानिक व्यावसायिक, ते विकत घेणारी संस्था आणि ज्याची माहिती त्यात आहे तो नागरिक, हे तिघेही सहसा अनुपस्थित असतात. परिणामी सभेचा ओढा स्वाभाविकपणे हमल्याकडे राहतो. हमला दहा मिनिटांत दाखविता येतो आणि त्यावर टाळ्या पडतात. बचाव हे वर्षभराचे, कंटाळवाणे आणि न दिसणारे काम आहे. जुने सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवणे, सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचे खाते बंद करणे, माहितीची दुसरी प्रत काढून ती परत उघडते की नाही हे पाहणे, यांत प्रेक्षणीय असे काही नाही.

११ व १३ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सायबर हल्ल्याद्वारे सुमारे ९४ कोटी रुपये काढले गेले. हा हल्ला संकेतस्थळावरचा नसून एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेवरचा होता, हे खरे. तरीही त्यातून एक प्रश्न उरतो. शहरातील सुरक्षा-सभेत जमणारे ज्ञान सहकारी संस्थांच्या संचालक मंडळापर्यंत कोणत्या वाटेने जाते? सभेच्या सध्याच्या रचनेत अशी वाट आखलेली दिसत नाही. उलट, पतसंस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत सभासद ताळेबंदावर तासभर भांडतात, परंतु ताळेबंद ज्या सॉफ्टवेअरमधून निघाला त्याविषयी एकही प्रश्न सहसा विचारला जात नाही. एका सभेत जाणकार आहेत पण सभासद नाहीत, दुसरीत सभासद आहेत पण जाणकार नाहीत.

एक आक्षेप व त्याचा विचार

२०२० च्या महासाथीनंतर अशा अनेक सभा दूरस्थ पद्धतीने भरल्या, त्यांच्या चित्रफिती उपलब्ध आहेत, तेव्हा तालुक्यात स्वतंत्र सभेची गरज काय, असा आक्षेप घेता येईल. माहितीपुरता तो रास्त आहे. परंतु सभेचे कार्य माहिती देण्यापुरते नाही. आपल्या संस्थेच्या संकेतस्थळात दोष आहे, हे सांगणे नाजूक काम आहे. सांगणाऱ्याला गुन्हेगार ठरण्याचे भय असते आणि ऐकणाऱ्याला अब्रू जाण्याचे. हे भय ओळखीने व वारंवार भेटण्याने कमी होते. पडद्यावरील अनोळखी वक्ता व्याख्यान देऊ शकतो, परंतु मुख्य लिपिकाकडे विद्यार्थ्यासोबत जाऊन ‘हा मुलगा भल्यासाठी सांगतो आहे’ असा शब्द टाकू शकत नाही.

महाविद्यालय : सभेचे स्वाभाविक घर

तालुक्याच्या ठिकाणी सभागृह, संगणककक्ष, तरुण विद्यार्थी व परिसराचा विश्वास या चारही गोष्टी महाविद्यालयात एकत्र असतात. महिन्यातून एका शनिवारी दोन तासांची सभा भरविण्यास वेगळा निधी लागत नाही. अट एकच, सभा संगणकशास्त्र विभागाची न राहता सर्वांची असावी. वाणिज्य विभागामार्फत पतसंस्थांचे कर्मचारी, राष्ट्रीय सेवा योजनेमार्फत ग्रामपंचायतींचे संगणकचालक आणि मराठी विभागामार्फत परिभाषेचे काम, असा सर्व विद्याशाखांचा सहभाग येथे शक्य आहे.

सरावासाठी परक्या संकेतस्थळाला हात लावण्याची गरज नाही. ओवॅस्पने ‘वेबगोट’ व ‘ज्यूस शॉप’ अशी जाणूनबुजून सदोष ठेवलेली ॲप्लिकेशन्स विनामूल्य उपलब्ध केली आहेत. एकदा उतरवून घेतल्यावर ती कक्षातील संगणकावरच चालविता येतात. ‘ज्यूस शॉप’ हे रसाचे एक काल्पनिक ऑनलाइन दुकान आहे. संत्र्याच्या तालुक्यात ते विद्यार्थ्यांना परके वाटू नये. मात्र प्रत्येक ‘हमला’ सत्रानंतर ‘बचाव’ सत्र अनिवार्य असावे आणि सापडलेला दोष दुरुस्त करून दाखविल्याशिवाय सत्र पूर्ण मानू नये.

यात महाविद्यालयाचे स्वतःचे हितही आहे. प्रवेशअर्ज, जातप्रमाणपत्रे, आधार व बँकखात्यांचे तपशील अशी विद्यार्थ्यांची अतिशय खासगी माहिती महाविद्यालयाकडे असते. अंकीय वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ ने अशी माहिती बाळगणाऱ्यावर तिच्या वाजवी सुरक्षेची जबाबदारी टाकली आहे. सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार विशिष्ट प्रकारच्या सायबर घटनांची माहिती सहा तासांत कळवावी लागते. ज्या संस्थेत ‘घटना’ ओळखणाराच कोणी नाही, तिला सहा तास व सहा महिने सारखेच.

आरंभ महाविद्यालयाने स्वतःपासून करावा. दोष आढळल्यास कोणाला कळवावे, त्या व्यक्तीचे पद व संपर्क आपल्या संकेतस्थळावर मराठीत प्रसिद्ध करावा आणि सद्हेतूने, माहिती न उतरविता कळविणाऱ्यावर कारवाई करणार नाही, असे लेखी आश्वासन द्यावे. संस्थेला हे आश्वासन केवळ आपल्या यंत्रणेपुरतेच देता येईल, तरीही विद्यार्थ्याचे भय कमी करण्यास ते उपयोगी पडेल.

निष्कर्ष

वेब-सुरक्षेच्या स्थानिक सभांनी ज्ञान विनामूल्य वाटण्याची व मर्यादा शिकविण्याची मोलाची परंपरा निर्माण केली. परंतु महानगर, इंग्रजी आणि एकाच व्यवसायाचे लोक या चौकटीत ती अडकली आहे. सभेत आले पाहिजेत असे लोक तेथे येईपर्यंत तिचा खुलेपणा नियमापुरताच राहील. काटोलसारख्या ठिकाणी दोष शोधणारा विद्यार्थी, सॉफ्टवेअर करून देणारा व्यावसायिक, ते वापरणारा लिपिक आणि ज्याचा सातबारा त्यात आहे तो शेतकरी एका सभागृहात मराठीत बोलू लागले, तर महानगरांतील सभांनाही त्यापासून शिकण्यासारखे पुष्कळ असेल. ते सभागृह उघडण्याची जबाबदारी प्रथमतः महाविद्यालयीन अध्यापकांची आहे.