भयाचा जीर्णोद्धार

जी कला अद्याप आपल्या पहिल्याच पिढीच्या हयातीत वावरत आहे, तिच्या अभिजात कृती कोणत्या आणि त्यांचा सांभाळ कसा करावा, हा वाद इतक्या लवकर उभा राहावा, हे असाधारण खरेच. परंतु भयप्रधान व्हिडिओ गेमच्या, म्हणजे खेळणाऱ्यांच्या बोलीत ‘सर्व्हायव्हल हॉरर’च्या, बाबतीत तो अटळ झाला आहे. ज्या यंत्रांवर हे खेळ चालत ती यंत्रे कालबाह्य झाली, आणि ‘कॅपकॉम’ व ‘कोनामी’ या जपानी कंपन्यांनी आपल्या दप्तरातील जुन्या कृती नव्याने घडविण्यास आरंभ केला. त्या रिमेकांवर खेळाडूंनी जी मते मांडली, त्यांची संभावना हौशी लोकांची गतकाळाविषयीची हळहळ म्हणून करण्याचा प्रघात आहे. तो मला सर्वस्वी अन्यायाचा वाटतो. या कलेला आजवर जे समीक्षण लाभले, त्यात खेळाडूंचे हे अनेकदा तापट, पण तपशिलाला घट्ट धरून असलेले समीक्षण सर्वांत मोलाचे आहे. कारण चित्रांचा झगमगाट बाजूला सारून भय नेमके कोठून उत्पन्न होते, याचा शोध ते घेते.

1996 साली शिंजी मिकामी यांच्या दिग्दर्शनाखाली ‘रेझिडेंट ईव्हिल’ प्रसिद्ध झाला, तेव्हा खोल्यांची दृश्ये आगाऊ चितारलेली असल्यामुळे कॅमेरा एकेका कोपऱ्यात जखडलेला असे, आणि वळणापलीकडे काय उभे आहे हे पात्राला दिसत असले तरी खेळणाऱ्याला दिसत नसे. गोळ्या मोजक्या, सामान बाळगण्याची जागा मोजकी, आणि खेळ सेव्ह करावयाचा तर टाइपरायटरसाठी शाईची फीत खर्ची घालावी लागे, तीही मोजकीच. अशा टंचाईत प्रत्येक बंद दार हा जमाखर्चाचा प्रश्न होऊन बसे. 2002 साली स्वतः मिकामींनीच या खेळाचा रिमेक केला, तेव्हा त्यांनी ही टंचाई आणखी तीव्र केली: पाडलेला झोंबी जाळला नाही किंवा त्याचे डोके उडवले नाही, तर तो पुढे अधिक उग्र होऊन उठे, आणि रॉकेल ही हिशेबातील एक नवी बाब झाली. हा रिमेक जुन्या खेळाडूंत आजही आदर्श मानला जातो.

2019 सालच्या ‘रेझिडेंट ईव्हिल 2’ने तो स्थिर कॅमेराच काढून टाकून खेळणाऱ्याला पात्राच्या खांद्यामागे उभे केले. इतका मूलभूत फेरफार होऊनही पुष्कळ जुन्या खेळाडूंनी त्याला मान्यता दिली, याचे श्रेय माझ्या मते पाठलाग करणाऱ्या त्या ‘मिस्टर एक्स’ला आहे, ज्याची जड पावले पोलीस ठाण्याच्या भिंतींपलीकडून ऐकू येत राहतात; नव्या कॅमेऱ्याने दिलेली निश्चिंती या पावलांनी व्याजासकट वसूल केली. तक्रार झाली ती निराळ्याच मुद्द्यावर. 1998 च्या मूळ खेळात लिऑन आणि क्लेअर या दोन मुख्य पात्रांच्या कथा परस्परांत गुंतलेल्या होत्या; एकाने उचललेल्या काही वस्तूंना दुसरा मुकत असे. रिमेकमध्ये दोघेही बहुतांशी त्याच वाटेने जातात. ही तक्रार बिनतोड आहे. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘रेझिडेंट ईव्हिल 3’विषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही: घड्याळाच्या मनोऱ्याचा भाग गाळला गेला, पाठलाग करणारा नेमेसिस बहुतेक नेमल्या जागीच प्रकट होऊ लागला, आणि खेळाडूंनी योग्य तो निवाडा दिला.

खरी कसोटी ऑक्टोबर 2024 मध्ये लागली. पोलंडमधील ‘ब्लूबर टीम’ने घडविलेला ‘सायलेंट हिल 2’ हा कोनामीच्या ज्या 2001 सालच्या कृतीचा रिमेक आहे, तिचा नायक जेम्स संडरलंड हा मृत पत्नीचे पत्र आले म्हणून धुक्याने भरलेल्या एका गावात येतो, आणि तेथे जे भोगतो ते त्याने स्वतःपासूनच लपविलेल्या अपराधाचे रूप असते. प्रसिद्धीपूर्वी ट्रेलरमधील चेहरे आणि मारामारी पाहून ज्यांनी कडक अविश्वास व्यक्त केला होता, त्यांपैकी अनेकांनी खेळ हाती आल्यावर आपले मत प्रांजळपणे बदलले. मूळ संगीतकार अकिरा यामाओका आणि विक्राळ आकृत्यांचे चित्रकार मासाहिरो इतो पुन्हा या कामात सामील झाले होते. 1999 च्या पहिल्या ‘सायलेंट हिल’मध्ये यंत्राची दुर्बलता झाकण्यास जे धुके योजले गेले, ते दूरवरचे सारे रेखाटू शकणाऱ्या आजच्या यंत्रावरही जाणीवपूर्वक राखले गेले, यात निर्मात्यांची रसिकता दिसते.

लांबीविषयीची फिर्याद मात्र मी ग्राह्य धरतो. साधारण आठ तासांत संपणारा खेळ आता पहिल्या खेपेस पंधरा तासांच्या वर जातो, आणि इस्पितळ व तुरुंग या भागांत त्याच त्या आकृत्यांशी झुंजताना भयाची जागा शीण घेतो. याहून खोल जाणारा आक्षेप कॅमेऱ्यासंबंधीचा आहे. मुळात कॅमेरा पुष्कळदा दुरून, वरून, कधी समोरून जेम्सला न्याहाळी, जणू एखाद्या संशयिताची कैफियत नोंदवीत असावा; आता आपण सदैव त्याच्या खांद्याशी असतो, त्याच्याबरोबर पाहतो, आणि म्हणून त्याच्यावर नकळत विश्वास ठेवतो. जेम्सला गावात भेटणाऱ्या अँजेलाच्या प्रसंगांतील मुद्राभिनयाने रिमेकने जे मिळविले ते थोडे नाही, परंतु हा दुरावा गमावल्याची भरपाई त्याने होत नाही, असे माझे मत आहे. सुदैवाने मूळ कृतीचे सर्वांत सूक्ष्म रहस्य शाबूत आहे: अँजेलाची सुरी आपण सामानातून काढून निरखली का, जखमी अवस्थेत किती काळ राहिलो, सोबत चालणाऱ्या मारियाची विचारपूस कितपत केली, यांची नोंद खेळ मुकाट्याने ठेवतो आणि तदनुसार शेवट ठरवितो.

ज्यांना मूळ खेळ ठाऊक नाही, त्यांना हा सारा वाद पारखून पाहण्याची सोय असावयास हवी, आणि येथेच कंपन्यांचे वर्तन भिन्न आहे. 2012 साली कोनामीकडून ‘सायलेंट हिल 2’ या खेळाची सुधारित आवृत्ती निघाली, तेव्हा त्याची अंतिम प्रोग्रॅम-संहिता जतनच झाली नसल्याने अपुऱ्या संहितेवरून काम करावे लागले, आणि धुकेसुद्धा बिघडले. उलट कॅपकॉमने 2024 मध्ये आपले पहिले तीन ‘रेझिडेंट ईव्हिल’ मूळ रूपात संगणकासाठी पुन्हा विक्रीस आणले. कोनामीनेही 2001 चा अस्सल ‘सायलेंट हिल 2’ त्याच रीतीने रिमेकच्या शेजारी उपलब्ध करून द्यावा, ही खेळाडूंची मागणी रास्त आहे, आणि तिला माझा निःसंदिग्ध पाठिंबा आहे.