फूट-इंचांतली नदी

पावसाळ्यात कोल्हापुरात पेपर हातात आला की माझी नजर आधी एका चौकटीकडे जाते : राजाराम बंधारा, पाणीपातळी. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. २०१९ आणि २०२१च्या महापुरांत शहर याच आकड्यावर डोळे लावून बसलं होतं. त्या चौकटीचं मोल मी कमी लेखत नाही.

पण जुने अंक चाळताना खटकतं ते हे, की पंचगंगा पहिल्या पानावर येते ती शहराच्या उंबऱ्याशी आल्यावरच. वरच्या अंगाची कासारी, कुंभी, तुळशी, भोगावतीकाठची गावं ‘संपर्क तुटला’ एवढ्यापुरती; खालचा शिरोळ ‘स्थलांतर’ एवढ्यापुरता.

खोऱ्याचा खरा इतिहास आतल्या पानांत विखुरलेला आहे : उपसाबंदीच्या सूचना, पाणीपुरवठा संस्थांच्या वार्षिक सभा, जमीन खरेदीच्या जाहीर नोटिसा, मेलेल्या माशांची दोन ओळींची बातमी. शाहू महाराजांच्या काळात काम सुरू झालेल्या राधानगरी धरणाच्या पाण्यावर ऊस वाढला. त्या उसाने नदीकाठ कसा बदलला, ते हे तुकडे जोडल्यावर कळतं. आमची वृत्तपत्रं तुकडे छापतात, जोडत क्वचितच. म्हणून त्यांच्या पानांवर महापूर दरवेळी ‘अचानक’ येतो.