४४ गोळ्यांचे रसग्रहण

१ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधल्या शातोरूच्या रेंजवर स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत ४४ गोळ्या झाडल्या आणि ४५१.४ गुणांवर ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले. या प्रकारात भारताला मिळालेले हे पहिलेच ऑलिंपिक पदक. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला, मध्य रेल्वेत नोकरीला, पुण्याच्या बालेवाडीत दीपाली देशपांडे यांच्याकडे सराव करणारा, हे त्या दिवसापासून महाराष्ट्राला तोंडपाठ झाले. त्याची गुणपत्रिका मात्र फार कमी लोकांनी वाचली. मला ती एखाद्या बांधीव रचनेसारखी वाचावीशी वाटते, कारण तिच्यातला प्रत्येक आकडा काहीतरी सांगतो.

आधी तिचे माप समजून घेऊ. ५० मीटरच्या टार्गेटवर दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. गोळीची कड त्याला टेकली तरी दहा मिळतात, म्हणजे गोळीचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत हवा. पुढे हे आठ मिलिमीटर दहा भागांत वाटलेले असतात. १०.० हा काठावरचा दहा, १०.९ हा अगदी केंद्रातला. गुणाचा एक दशांश म्हणजे ०.८ मिलिमीटर. हे कोष्टक मनात ठेवले की गुणपत्रिकेतला आकडा हे अंतर होते.

पण अंतर कोणाचे? रायफलचे, काडतुसाचे की माणसाचे? याचे उत्तर स्पर्धेच्या कितीतरी आधी, रेंजवरच्या चाचणीत शोधले जाते. या प्रकारात वापरली जाणारी पॉइंट टू-टूची मॅच गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची. तिचा वेग मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली, सेकंदाला सुमारे ३२५ मीटर ठेवतात, कारण ध्वनीची सीमा ओलांडताना बसणारा हादरा नेम बिघडवतो. एकाच कारखान्याच्या, एकाच नावाच्या दोन लॉटमध्येही फरक असतो: दारूच्या मापात, काडतुसाच्या कडेतल्या पेट घेणाऱ्या मसाल्यात, गोळीवरच्या मेणाच्या थरात. वेगात सेकंदाला दहा मीटरचा फरक पडला, तर ५० मीटरवर गोळी सात-आठ मिलिमीटर वर-खाली जाते. म्हणजे माणसाने काहीही चूक न करता जवळजवळ एक गुण हातचा जातो.

म्हणून दस्ता काढून रायफलची नळी व्हाइसमध्ये जखडतात आणि एकेका लॉटच्या दहा-दहा गोळ्या झाडतात. लॉट बदलला की आधी काही गोळ्या मोजदादीबाहेर सोडाव्या लागतात, म्हणजे नळीत आधीच्या लॉटचे मेण उरत नाही. दहा गोळ्यांनी कागदावर जो पुंजका पडतो त्याला नेमबाज ग्रुप म्हणतात. उत्तम ग्रुप बाहेरच्या कडांनी मोजला तर पंधरा मिलिमीटरच्या आसपास भरतो. एका नळीला मानवणारा लॉट शेजारच्या तशाच नळीला मानवेलच असे नाही; जो जमला, त्याचाच साठा करायचा. गोळीची जाडी वजा केली, तर अशा ग्रुपमधली कोणतीही गोळी मध्यापासून पाच मिलिमीटरच्या आतच राहते. गुणांच्या भाषेत, हत्यार आणि काडतूस मिळून नेमबाजाला १०.४ च्या खाली सहसा ओढत नाहीत. त्याखाली जे काही जाते, ते शरीराचे आणि मनाचे असते. चाचणीचे खरे देणे हे आहे. ती गुणपत्रिकेतून लोखंड आणि दारू वजा करते आणि माणूस शिल्लक ठेवते.

पुण्याला ही कसोटी नवी नाही. खडकीत १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, पाषाणला एआरडीई ही शस्त्रसंशोधनाची संस्था आहे. तिथे गोळी झाडून शस्त्राची परीक्षा होते. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभ्या राहिलेल्या बालेवाडीच्या क्रीडानगरीत शस्त्राची परीक्षा संपली की माणसाची सुरू होते.

आता पत्रिका वाचू. सुरुवात गुडघ्यावर बसून. पहिली गोळी ९.६. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीतली पहिली गोळी दहाच्या बाहेर गेली आणि पुढच्या चार आल्या १०.४, १०.३, १०.५, १०.०. तीन मालिका ५०.८, ५०.९, ५१.६. पंधरा गोळ्यांत १५३.३, स्थान सहावे. हे आकडे दिपवणारे नाहीत, पण त्यांचा क्रम पाहावा. प्रत्येक मालिका आधीच्यापेक्षा वर आहे.

मग पोटावर झोपून. इथे दोन्ही कोपर जमिनीवर, स्लिंग म्हणजे रायफलचा पट्टा दंडाला घट्ट, रायफलचे वजन हाडांवर. माणूस व्हाइसच्या सर्वांत जवळ जातो तो इथे. ५२.७, ५२.२, ५१.९, एकूण १५६.८. सरासरी गोळीमागे साडेदहाच्या किंचित खाली. चाचणीच्या कागदाशी हा भाग ताडून पाहिला, तर हत्यार आणि हात यांच्यात फारसे अंतर उरलेले नाही. तरीही स्थान फक्त पाचवे, कारण इथे सगळेच व्हाइसजवळ पोहोचलेले असतात.

उभे राहिल्यावर नियम स्लिंग काढून घेतो. जॅकेटच्या कापडाची जाडीही अडीच मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. साधने जिथे मागे सरतात तिथेच कुसाळे पुढे सरकला. ५१.१ आणि ५०.४. झोपून मिळालेल्या गुणांपेक्षा हे कमीच, पण या पातळीवर उभ्याने गोळीमागे दहाच्या वर राहणे हेच बळ. ४० गोळ्यांअखेर ४११.६, स्थान तिसरे.

यानंतर एकेका गोळीला एकेक जण बाहेर पडतो. त्याच्या चार गोळ्या: १०.५, ९.४, ९.९, १०.०. पत्रिकेचे मर्म मला इथे दिसते. ९.४ म्हणजे केंद्रापासून बारा मिलिमीटरच्या पलीकडे; चाचणीत उतरलेला कोणताही लॉट हा दोष स्वतःवर घेणार नाही. तो क्षण माणसाचाच होता. सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत असाच क्षण आला होता. आघाडीवर असताना उभ्या अवस्थेत ७.६ गेली आणि तो चौथा राहिला. सांघिक सुवर्ण मिळाले, वैयक्तिक पदक नाही. ७.६ आणि ९.४ यांच्यात सुमारे साडेचौदा मिलिमीटरचे अंतर आहे, जवळपास एका उत्तम ग्रुपएवढे. दहा महिन्यांत कमावलेले स्थैर्य मोजायचे तर ते याच अंतराने मोजावे.

आणि ९.४ नंतरच्या त्या दोन गोळ्या. आधीच्या चुकीची भरपाई करायला केंद्राच्या मागे लागणारा हात ट्रिगरवर रेंगाळतो आणि मग गोळी आणखी दूर जाते. इथे तसे झाले नाही. ९.९ ने चौथा स्पर्धक बाहेर गेला आणि पदक ठरले, १०.० ने त्याचा रंग ठरला. सुवर्ण चीनच्या लिऊ युकुनला ४६३.६ वर, रौप्य युक्रेनच्या सेर्ही कुलिशला ४६१.३ वर. फरक दहा-बारा गुणांचा दिसतो, पण त्यातला बहुतेक भाग त्या दोघांनी झाडलेल्या एका जादा गोळीचा आहे; ते पुढे होते हे मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हवे.

तरीही माझे मत असे, की या पत्रिकेतला सर्वांत सुंदर आकडा ५२.७ नसून ९.९ आहे. ५२.७ मध्ये रायफल, लॉट, स्लिंग, जमीन या सगळ्यांचा वाटा आहे. ९.९ एकट्याचा आहे. आणि तो एकट्याचा आहे हे आपल्याला खात्रीने म्हणता येते, ते कोणीतरी आधी व्हाइसपाशी बसून एकेक लॉट झाडून पाहिला म्हणून. बालेवाडीत आज जी मुले मिळेल त्या लॉटवर सराव करतात, त्यांना स्वतःची पत्रिका अशी वाचता येत नाही. चूक हाताची की काडतुसाची, हे त्यांना कळायला मार्ग नसतो. त्यांच्या हाती पारखलेला लॉट देणे हा कुसाळेच्या पदकाचा सर्वांत सरळ सन्मान होईल.