टिळकांचे अभंग आणि लक्ष्मीबाईंची वाट

भोर-वेल्ह्याच्या श्रोत्यांना अभंग म्हणजे काय हे आम्ही सांगायला नको. गावोगावच्या देवळांत संध्याकाळी टाळ वाजतो, त्यामुळे सहा-सहा-सहा-चार अक्षरांची ती चाल कानात मुरलेलीच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्तीसाठी हीच चाल घेतली. त्याआधीच्या मराठी चर्चमध्ये परक्या चालींवर बसवलेली भाषांतरित गीते बरीच होती. शब्द मराठी, पण जीव लागत नसे. टिळकांची पुष्कळ गीते पुढे ‘उपासना संगीत’मध्ये आली आणि आजही गायली जातात.

पण चाल आपली झाली म्हणून देव आपला होतो का? इथेच टीकाकार घाई करतात, असं आम्हाला वाटतं. टिळकांनी वारकऱ्यांची भाषा उसनी घेतली, एवढं म्हणून ते थांबतात. टिळक ख्रिस्ताला आई आणि गुरू एकाच श्वासात म्हणतात. आईपाशी हट्ट चालतो, गुरूपाशी ऐकून घ्यावं लागतं. या दोन्ही नात्यांची ओढ जिथे आहे, तिथे त्यांचा अभंग जिवंत आहे. उपदेश सुरू झाला की तो कोरडा पडतो, हेही स्पष्ट सांगायला हवं.

मात्र नातं वाढतं कसं, हे त्या अभंगांत फारसं दिसत नाही. तिथे भक्त बहुधा पोचलेलाच असतो. आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला, डोंगरावरच्या प्रवचनाने मन धरलं आणि १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा झाला. मधली धडपड कवितेत विरघळून गेली.

ती वाचायची तर ‘स्मृतिचित्रे’ उघडा. लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परत आल्या, पण सोवळं सुटलं नाही, स्वयंपाक-पाणी वेगळं. मग जात माणसाने केली, देवाने नव्हे, हे त्यांना पटलं, आणि त्या कुणाच्याही हातचं खायला तयार झाल्या. बाप्तिस्मा १९०० सालचा, म्हणजे त्यानंतरचा! आधी पाण्याचा हंडा, मग धर्म. देवाशी जवळीक वाढली ती शेजाऱ्याच्या ताटावरून, असं आम्ही म्हणू. चर्चमध्ये येऊनही पंगतीत जात पाहणाऱ्यांना हे पान अवघड जातं.

टिळक १९१९ साली गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरं होतं. त्याचे बहुतेक अध्याय पुढे लक्ष्मीबाईंनी लिहिले.