दुःखाचा निबंध

बदलापूरचा एक पोरगा अंबरनाथला माझ्या खोलीवर आला. हातात निबंध. अमेरिकेतल्या विद्यापीठाचा फॉर्म भरतोय. म्हटलं, वाच. इंजिनियरिंगचं सगळं ठीक होतं, मग मधेच आजोबा आले, मेलेलं ढोर आलं, गावाबाहेरची विहीर आली. विचारलं, तू गाव कधी बघितलंस? म्हणाला, "दोनदा. पण दादा, फॉर्म भरून देणारा म्हणतो, दुःख कमी पडतंय, अजून टाका."

तर मित्रांनो, हे दुःख टाकायला सांगणारं दुकान कुठलं ते बघू. 29 जून 2023 रोजी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांच्या खटल्यांत निकाल दिला : प्रवेश देताना वंश बघायचा नाही. शेवटी मात्र एक फट ठेवली. वंशामुळे आयुष्यात काय घडलं हे पोरानं निबंधात लिहिलं, तर विद्यापीठाला ते विचारात घेता येईल. म्हणजे काळा म्हणून हक्क नाही. काळेपणाची गोष्ट बरी सांगितलीस तर बघू. मी हा निकाल लेखन म्हणून वाचला, आणि मला त्यात आपल्याकडचाच समीक्षक दिसला.

हे आजचं नाही. 1978 साली बॅकी खटल्यात डेव्हिसच्या मेडिकल कॉलेजातल्या 100 पैकी 16 राखीव जागा कोर्टाने मोडल्या. न्यायमूर्ती पॉवेल यांचं म्हणणं, समाजाने केलेल्या अन्यायाची भरपाई हे कारण चालणार नाही, वर्गात विविधता येते हे चालेल. म्हणजे काळं पोरगं आत घ्यायचं ते त्याचं देणं लागतो म्हणून नाही, वर्ग रंगीबेरंगी व्हावा म्हणून! त्याच 1978 साली दया पवारांचं 'बलुतं' आलं. किती पांढरपेशांनी ते डोळे पुसत वाचलं, आणि राखीव जागांचा विषय निघाला की लगेच मेरीट, मेरीट. आसवं देतात, सीट देत नाहीत.

1951 साली बाबासाहेब कायदामंत्री असताना घटनेत 15(4) आलं. त्यात निबंध नाही. जातीचा दाखला लावा, यादीत नंबर लावा. दाखल्यासाठी कारकून चपला झिजवायला लावतो, पण रडून दाखव म्हणत नाही. आपलं उल्हासनगरच घ्या. फाळणीनंतर लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले, 1949 साली तिचं शहर झालं. बरॅकीत खोली देताना 'दुःख दोन पानांत लिहा' असं कुणी म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही. म्हणूही नये.

आणि पैशाला कुठे निबंध लागतो? 2005 चा इनामदार खटला महाराष्ट्रातलाच. विनाअनुदानित कॉलेजांवर सरकारला राखीव जागा लादता येणार नाहीत म्हणाले, आणि त्याच निकालात एनआरआयंना 15 टक्क्यांपर्यंत मुभा. पहिल्या गोष्टीसाठी 93 वी घटनादुरुस्ती करावी लागली. हार्वर्डमध्येही माजी विद्यार्थ्यांच्या पोरांना झुकतं माप होतं. 2023 च्या निकालाने त्याला हात लावला नाही.

हे सगळं मी पोराला तावातावाने ऐकवलं. म्हटलं, ढोर काढून टाक. तो शांतपणे म्हणाला, "पण दादा, आजोबांनी ते ओढलंय ना? मग मी लपवू का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. फॉर्मची मुदत शनिवारपर्यंत आहे. त्या परिच्छेदावर आमचं भांडण अजून चालू आहे.