‘सापडलं नाही’ म्हणजे ‘नव्हतं’ का? रायगडच्या खारजमिनी आणि त्यांची साधनं

आजचा विषय संदर्भसाधनांचा आहे. तो कोरडा वाटेल, पण या साधनांवर लोकांच्या जमिनी टांगलेल्या आहेत.

पेण आणि अलिबागच्या मधे धरमतरची खाडी. तिच्या काठाला खारजमिनी आहेत, म्हणजे भरतीचं पाणी मातीच्या बंधाऱ्याने अडवून केलेली भातशेती. उधाणात बंधाऱ्याला खांड पडली आणि ती वेळेत बुजवली नाही, की खारं पाणी आत शिरतं, भात जातं आणि काही वर्षांत तिवरं उगवतात. मग तोच तुकडा सातबाऱ्यावर भातशेती असतो आणि उपग्रहाच्या चित्रात कांदळवन. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने कांदळवनांना कडक संरक्षण मिळालं, ते योग्यच झालं. पण शेती बुडालेल्या माणसाला ‘इथे आधी काय होतं’ हे दाखवायचं असेल, तर त्याने शोधायचं कुठे?

बहुतेक अभ्यासक पहिल्यांदा उघडतात ते १८८३ चं कुलाबा-जंजिरा गॅझेटियर. जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या मालिकेतला हा अकरावा खंड, ऑनलाइन फुकट वाचता येतो. ग्रंथ मोलाचा आहे. गोडी आणि खारी भातजमीन तो वेगळी करतो. शिलोत्री पद्धत सांगतो, ज्यात बाहेरचा बंधारा राखण्यासाठी कुळाकडून धान्य घेतलं जाई. पण हे सगळं त्याने का टिपलं? कारण तिथून सारा येत होता. ज्या खाजणातून सरकारला काही मिळत नव्हतं, तिथल्या तिवरांचा असा काटेकोर हिशेब ठेवायचं त्याला कारण नव्हतं. महसूल हा त्या ग्रंथाचा डोळा आहे. त्या डोळ्याला जे दिसतं ते तो उत्तम पाहतो. आपले अभ्यासक मात्र त्याला ‘निसर्गाची नोंद’ समजून उतरवून घेतात, आणि माझा आक्षेप तिथे आहे.

दुसरी अडचण शोधखिडकीची. जुन्या कागदांत ‘पर्यावरण’ हा शब्द शोधाल तर हाती काही लागणार नाही. तो शब्द तेव्हा त्या अर्थाने चालतच नव्हता. ‘खार’ टाकलंत तर झाडावरची खार येते, नाहीतर मुंबईचं उपनगर. इंग्रजीत ‘पेण’ टाकलंत तर जगभरच्या लेखण्या समोर येतात. ‘कुलाबा’ टाकलंत तर दक्षिण मुंबई. आणि १९८१ पूर्वीच्या कागदांत ‘रायगड’ म्हटलं तर बहुधा किल्लाच भेटतो, कारण जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं. तेव्हा शब्द त्या काळाचा आणि त्या दप्तराचा हवा. शिलोत्री, खाजण, बंदिस्ती, उघाडी, राब असे शब्द घेऊन जा. रोमन लिपीत एकाच गावाची चार स्पेलिंगं करून पाहा.

आता माझ्या विषयाकडे येतो. आपल्याकडे भाट्ट मीमांसकांनी आणि अद्वैत्यांनी ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानलं. टेबलावर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही, हे ज्ञान तिच्यामुळे होतं. पण त्यांनी एक अट घातली: घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, यावरून काहीच ठरत नाही. पर्यावरणाच्या इतिहासात ही अट रोज मोडली जाते. गॅझेटियरमध्ये तिवरं नाहीत, म्हणजे नव्हती! उपग्रहाच्या चित्रात बंधारा नाही, म्हणजे नव्हता! अहो, लँडसॅटची चित्रं १९७२ पासूनची, आणि सुरुवातीच्या चित्रांचा एक ठिपका जवळपास ऐंशी मीटरचा. काही हात रुंदीचा मातीचा बांध त्यात दिसावा कसा?

म्हणून प्रत्येक साधनाला आधी विचारायचं, ‘तुला काय दिसू शकत होतं?’ १८८५ च्या सुमारास ठाणे-कुलाब्यातल्या जंगलविषयक तक्रारींसाठी सरकारने आयोग नेमला. त्याच्या अहवालात राबासाठी फांद्या तोडण्याचा प्रश्न येतो, कारण तिथे तक्रार ऐकायलाच माणसं बसली होती. चरीचा शेतकरी संप १९३३ ते १९३९ चालला आणि १९३७ मध्ये नारायण नागू पाटलांनी ‘कृषीवल’ काढलं. अशा वर्तमानपत्राला खोत आणि कुळांचं भांडण चांगलं दिसतं. पण ज्या वर्षी भांडण झालं नाही आणि गावाने गुपचूप बांध दुरुस्त केला, त्या वर्षाची बातमी होत नाही.

आणि ‘इथे मुळात काय होतं’ हा प्रश्नच मला सदोष वाटतो. बंधारा घालण्यापूर्वी तिथे भरतीचं पाणी होतं, नंतर भात, खांड पडल्यावर तिवरं. यातलं ‘मूळ’ कुठलं म्हणायचं? विचारण्याजोगा प्रश्न असा: बांध कोणी राखला, तो कधी फुटला आणि फुटल्यावर तो बुजवणं कोणाचं काम होतं? १९४८ च्या खारजमीन कायद्याने मंडळ आलं, १९७९ मध्ये खारजमीन विकासाचा नवा कायदा झाला. म्हणजे उत्तर खारभूमी खात्याच्या फायलींत, अंदाजपत्रकांत आणि गावाने केलेल्या अर्जांत आहे. सरकारी कागद असल्यामुळे ते माहितीच्या अधिकारात मागता येतात. जुने सातबारे आणि फेरफारही आता स्कॅन होऊन ऑनलाइन मिळू लागले आहेत. मुंबईच्या पुराभिलेखागारात महसूल खात्याचे जुने खंड आहेत, एशियाटिक सोसायटीची ‘ग्रंथसंजीवनी’ घरबसल्या उघडते. ती जरूर पाहा.

पण अर्जाची पोच गावात कोणाच्या तरी पत्र्याच्या ट्रंकेत असते. तिचा फोटो काढा, तारीख लिहा, कोणत्या बांधाबद्दल आहे ते लिहा आणि दोन प्रती दोन घरांत ठेवा. उद्या कोणी म्हणालं, ‘दुरुस्तीची मागणी कधी झालीच नव्हती, आमच्याकडे नोंद सापडत नाही’, तर त्या न सापडण्याला उत्तर देणारा कागद तोच असेल.