मात्योराचें बुडणें

रशियन कादंबरीशीं आपल्याकडील सुशिक्षित वाचकाचा परिचय टॉलस्टॉय-तुर्गेनेव्हांपासून सुरू होतो आणि बहुधा चेकॉव्हपाशीं संपतो. त्या जुन्या ग्रंथांतलें खेडें आपणांस बव्हंशीं जमीनदाराच्या वाड्यांतून दिसतें. शेतकऱ्याच्या चुलीपाशीं बसून पाहिलेलें खेडें तेथील वाङ्मयांत जोमानें अवतरलें तें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, म्हणजे तें ओस पडूं लागल्यावर. सोल्झेनित्सिनची ‘मात्र्योनाचें घर’ ही कथा १९६३ सालीं प्रसिद्ध झाली; तिच्या मागोमाग ग्रामजीवनावर लिहिणाऱ्यांची एक पिढीच उभी राहिली. व्हालेंतिन रास्पुतिन (१९३७–२०१५) हा त्या पिढींतील, माझ्या मतें, सर्वांत समर्थ लेखक. (झारच्या दरबारांतील त्या कुप्रसिद्ध बैराग्याशीं याचा कांहीं संबंध नाहीं.) त्याची ‘मात्योराला निरोप’ ही १९७६ ची कादंबरी मीं इंग्रजी भाषांतरांतून दोनदां वाचली, आणि दोन्ही वेळां तिच्याविषयीं माझें मत वेगळें झालें.

मात्योरा हें सैबेरियांतील अंगारा नदीच्या पात्रांतलें एक बेट. त्यावरील गांवाचें नांवही तेंच. वस्ती तीनशें वर्षांहून जुनी. नदीवर विजेसाठीं धरण होत आहे. शरदांत पाणी चढेल. जलाशयाचा तळ स्वच्छ असावा म्हणून त्यापूर्वीं झाडें तोडावयाचीं आणि घरें जाळावयाचीं, असा सरकारी हुकूम आहे. कथानक एवढेंच: त्या गांवाचा शेवटचा उन्हाळा. हा विषय लेखकानें वर्तमानपत्रांतून उचललेला नाहीं. ब्रात्स्क येथील वीजगृह १९६१ सालीं चालू झालें. त्याचा जलाशय पांच हजार चौरस किलोमीटरांहून अधिक पसरला, आणि ज्या आतालान्का गांवांत रास्पुतिनचें बालपण गेलें तें जुन्या जागेवरून उठवावें लागलें.

कादंबरीच्या आरंभींच सफाईची टोळी दफनभूमींतले क्रूस कापून त्यांचा ढीग रचते. गांवकरी धांवून जातात, तेव्हां अधिकारी समजावूं लागतो कीं, येथें सरोवर होईल, प्रवासी बोटींतून हिंडतील, आणि त्यांच्यापुढें तुमचे क्रूस तरंगत आले तर कसें दिसेल! या युक्तिवादांत दुष्टपणा मुळींच नाहीं. आहे तो केवळ टापटिपीचा सोस, आणि म्हणूनच तो अंगावर कांटा आणतो. याच्या उलट म्हातारी दार्या. जाळणारे दाराशीं येऊन ठेपले असतां ती आपल्या झोपडीला चुना देते, जमीन धुऊन काढते, देवदाराच्या जातीच्या झाडाच्या डहाळ्या आणून भिंतींवर लावते. प्रेताला स्नान घालून नवें वस्त्र नेसवावें, तसें हें. मग ती बाहेर येते आणि जाळणाऱ्यांना बजावते कीं, आतां पेटवा, पण आंत पाऊल टाकूं नका. शोकाचा एकही शब्द न काढतां शोक कसा लिहावा, हें आपल्या कादंबरीकारांनीं या प्रकरणापासून शिकावें.

तरीही पहिल्या वाचनानंतर माझ्या मनांत एक शंका उरली. रशियांतील ओसाड खेड्यांचा इतिहास मुख्यत्वें पाण्यानें घडविलेला नाहीं. २०१० च्या जनगणनेंत तेथें सुमारें १,५३,००० ग्रामीण वस्त्या मोजल्या गेल्या. त्यांपैकीं १९,००० हून अधिक वस्त्यांत एकही माणूस राहत नव्हता. त्या कांहीं सर्व बुडालेल्या नव्हेत. १९२९ नंतरच्या सामुदायिक शेतीच्या सक्तीनें खेड्यांचा कणा मोडला. महायुद्धावर गेलेले असंख्य पुरुष परतले नाहींत. १९६० आणि १९७० च्या दशकांत सरकारी आराखड्यांनीं हजारों लहान गांवांवर ‘भवितव्य नसलेलीं’ असा शिक्का मारला, आणि तो बसला कीं शाळा, दुकान, रस्ता यांवरील खर्च आटे. सामुदायिक शेतावरच्या शेतकऱ्याला पासपोर्टाचा सरसकट हक्क मिळाला तोच मुळीं १९७४ च्या निर्णयानें. पण त्यापूर्वींही तरुण मंडळी लष्कर, शिक्षण, कारखाना अशा वाटा काढून निघून जातच होती. अशा गांवाचा मारेकरी कोण? त्याला चेहरा नसतो. रास्पुतिननें धरण योजून तो दिला; वाचकाच्या रागाला टेकावयास जागा मिळाली, आणि गांव तेवढें निष्पाप ठरलें.

त्याच्याच १९७० च्या ‘अखेरची मुदत’ या कथेंत धरण नाहीं. मरणोन्मुख आन्नाभोवतीं मुलें जमतात. ती थोडी सांवरते, तशी तिच्या उत्तरकार्यासाठीं आणलेली व्होडका मुलगे पिऊं लागतात, आणि शहरांतून आलेलीं मुलें तिचा प्राण जाण्यापूर्वींच परत निघतात. गांव कसें ओस पडतें याचें याहून खरें चित्र मला ठाऊक नाहीं.

दुसऱ्या वाचनांत मात्र मात्योरांतला पेत्रुखा मला नीट दिसला. पूर्वीं तो विदूषक वाटला होता. नुकसानभरपाई लवकर मिळावी म्हणून हा गृहस्थ आईचें राहतें घर आपणच पेटवून देतो, आणि पुढें मजुरी घेऊन इतरांचीं घरें जाळण्याचें काम पत्करतो! त्याला धरणानें जन्म दिलेला नाहीं. तो मात्योराच्याच मातींतला. म्हणजे गांव निष्पाप आहे असें रास्पुतिन म्हणत नव्हताच. मीं घाईनें तसें वाचलें होतें.

दार्याचा नातू आंद्रेई मात्र अजूनही पटत नाहीं. त्याला धरणाच्याच कामावर जावयाचें आहे. अंधारांत वाढलेल्या तरुणाला विजेचें आकर्षण वाटावें यांत गैर काय? पण लेखकानें त्याच्या तोंडीं अग्रलेखांतलीं वाक्यें घातलीं आणि आजीशीं होणारा त्याचा वाद आजीलाच जिंकून दिला. त्यापेक्षां त्याचा बाप पाव्हेल कितीतरी खरा: नव्या वसाहतींत तळघरांना पाणी लागतें, बटाटे ठेवावयाचे कोठें हें त्याला दिसतें, आणि तरीही तो तेथें राहावयास जातो. रात्रीं बेटावर फिरणारा तो अद्भुत प्राणी, बेटाचा ‘धनी’, हाही मला अनावश्यक वाटतो. कुऱ्हाड, आग आणि करवत यांना दाद न देणारा तो जुना लार्च वृक्ष तें काम अधिक नेटकेपणें करतो.

इंग्रजींत म्हाताऱ्यांची बोली सपाट झाली आहे, हें रशियन न जाणणाऱ्यालाही कळतें. कोणी तरी ही कादंबरी मूळ रशियनवरून, एखाद्या जिवंत ग्रामीण मराठींत उतरवावयास हवी.

सबंध पुस्तकभर ज्याची धास्ती, तें पाणी अखेरच्या पानापर्यंत येतच नाहीं. येतें तें धुकें. बेटावर उरलेल्या म्हाताऱ्यांना आणावयास निघालेली बोट त्यांत वाट चुकते, आणि त्या पांढऱ्या अंधारांत आईला हांका मारीत असतो तो पेत्रुखाच.